राणी कलर

मराठीत आईवर जेवढं लिहिलं गेलंय, तेवढं बहुतेक पावसावरसुद्धा लिहिलं गेलं नसेल. आणि त्यातल्या जवळपास सगळ्या आया एकाच साच्यातल्या. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या, रात्री सगळ्यांच्या नंतर जेवणाऱ्या, स्वतःसाठी साडी घ्यायची वेळ आली की ‘मला काय करायचीय आता’ म्हणणाऱ्या. ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये छापून आली, १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी तिच्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि मराठी आईचं स्टँडर्ड एकदाचं ठरून गेलं.

मला श्यामची आई आवडते. प्रॉब्लेम तिचा नाहीच. प्रॉब्लेम असा की, दुसऱ्या टाइपच्या आईसाठी आपल्याकडे धड शब्दच नाही. जिला नटायला आवडतं, फिरायला आवडतं, पत्ते कुटायला आवडतं, जिचं मुलांपलीकडे स्वतःचं असं एक आयुष्य आहे, अशा आईला आपण काय म्हणतो? ‘हौशी’. फार झालं तर ‘फॅशनेबल’. आणि दोन्ही शब्द म्हणताना एक भुवई आपोआप वर जाते.

म्हणून यावेळी अशाच एका आईविषयी. आणि गंमत म्हणजे ती आपल्यातलीच, मराठी घरातली. वडोद्याची राजकन्या आणि पुढे कूचबिहारची महाराणी झालेली इंदिराराजे. जन्म १८९२, मृत्यू १९६८. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी ही तिची मुलगी. त्यांचं ‘अ प्रिन्सेस रिमेंबर्स’ हे आत्मचरित्र १९७६ मध्ये आलं, शांता रामा राव यांच्याबरोबर लिहिलेलं. लोक ते गायत्रीदेवींसाठी वाचतात. मीही त्यासाठीच हातात घेतलं होतं. पण पुस्तक मिटलं तेव्हा मी सॉलिड प्रेमात पडले होते ती त्यांच्या आईच्या.

आणि हो, मी तिला एकेरीत हाक मारणार आहे. कारण तिची गोष्ट सुरू होते तेव्हा ती माझ्यापेक्षा चांगली आठ-नऊ वर्षांनी लहान आहे.

महाराजांना ‘नाही’

जस्ट इमॅजिन. साल १९११. मुलगी १९ वर्षांची. वडील महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे. १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणणारे. आई महाराणी चिमणाबाई. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिणारी, पुढे १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली अध्यक्ष. मुलगी शाळा-कॉलेजात शिकलेली. थोडक्यात, त्या काळात याहून पुरोगामी घर शोधूनही सापडलं नसतं.

आणि तरीही तिचं लग्न ठरवलं होतं ते घराणं बघूनच. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. मराठा, तालेवार, मोठं संस्थान. तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे आणि आधीच विवाहित. साखरपुडा झालेला, लग्नाची तयारी सुरू.

त्याच डिसेंबरात दिल्ली दरबार भरला. पंचम जॉर्जसमोर सयाजीरावांनी एकदाच मान झुकवली आणि पाठ फिरवून निघून गेले म्हणून गोरे साहेब खवळले, तोच दरबार. बापाच्या बाणेदारपणाची चर्चा चालू असताना मुलगी तिथेच प्रेमात पडत होती. जितेंद्र नारायण, कूचबिहारच्या महाराजांचा धाकटा भाऊ. दिसायला राजबिंडा, पण गादी भावाकडे. संस्थान वडोद्याच्या मानाने छोटं, घराणं मराठा नाही, त्यातून ब्राह्मो समाजाचं. जितेंद्रची आई सुनीतीदेवी ही केशवचंद्र सेन यांची मुलगी. पार्ट्या, दारू, विलायती राहणी यासाठी ही भावंडं प्रसिद्ध. म्हणजे ‘स्थळ’ म्हणून सगळ्या कॉलममध्ये फुली.

इंदिराने काय केलं? रडली नाही, पळून गेली नाही. कुणालाही न सांगता तिने थेट ग्वाल्हेरच्या महाराजांनाच पत्र लिहिलं. मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. संपलं. आजच्या भाषेत ब्रेकअपचा मेसेज. घरच्यांना पत्ता लागला तो ग्वाल्हेरहून उलट तार आल्यावर. राजकुमारीच्या पत्राचा अर्थ काय, असं त्यात विचारलं होतं. लग्नाची तयारी चाललेल्या घरात ती तार उघडली गेली तेव्हाचा सीन डोळ्यांसमोर आणा. डेअरिंग म्हणजे काय ते कळेल.

पुढची जवळपास दोन वर्षं घरच्यांचा नकार, पहारा, चोरून भेटी, चिठ्ठ्या. कुठल्याही कॉलेज लव्हस्टोरीत असतं ते सगळं, फक्त राजवाड्याच्या बजेटमध्ये. शेवटी आई-वडिलांनी हात टेकले. ऑगस्ट १९१३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात ब्राह्मो पद्धतीने लग्न लागलं. आई-वडील आले नाहीत.

इथे मी पुस्तक जरा बाजूला ठेवलं होतं. कारण त्याच वर्षी, १९१३ मध्येच, सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. एवढं मोठं मन असलेला माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नाला मात्र जाऊ शकला नाही. जात, घराणं, मान या गोष्टी किती आत रुतून बसलेल्या असतात, हे यावरून कळतं. घराबाहेर पुरोगामी असणं त्यामानाने सोपं. उंबरठ्याच्या आत खरी परीक्षा.

तीस वर्षं, पाच मुलं, एक संस्थान

लग्नाला महिनाही झाला नव्हता, तोच जितेंद्रचा मोठा भाऊ गेला आणि जितेंद्र महाराजा झाला. इंदिरा महाराणी. मग पाच मुलं. इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजित, गायत्री आणि मेनका. गायत्रीच्या वेळी दिवस गेलेले असताना ती रायडर हॅगार्डची ‘शी’ ही कादंबरी वाचत होती. तिची नायिका आयेशा. म्हणून मुलीचं घरातलं नावच आयेशा पडलं. बारशाच्या वेळी आत्याबाई कुठे होत्या कोण जाणे!

आणि मग डिसेंबर १९२२. लंडनमध्ये जितेंद्रचं निधन झालं. वय अवघं ३६. वडोद्याला जी धास्ती होती ती अगदीच खोटी नव्हती, असं म्हणावं लागतं. इंदिरा तीस वर्षांची. म्हणजे हा अंक वाचणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या वयाची. बोटीने परत येताना पांढऱ्या कपड्यांतली, केबिनमध्ये स्वतःला कोंडून घेऊन रडणारी आई गायत्रीदेवींना आठवते. तेव्हा त्या जेमतेम साडेतीन वर्षांच्या होत्या.

मोठा मुलगा सात वर्षांचा, तोच नवा महाराजा. त्याच्या नावाने कारभार बघायची जबाबदारी इंदिरावर आली. रीजंट म्हणून १९३६ पर्यंत, म्हणजे मुलगा मोठा होऊन गादीवर बसेपर्यंत, तिने ती निभावली. इंटरनेटवर तिचं नाव टाकलं तर पार्ट्या, दागिने आणि जुगाराच्या गोष्टींचा पाऊस पडतो. ही चौदा वर्षं मात्र कुठेतरी एका ओळीत उरकलेली असतात.

पांढरा, पण कसा?

आता फॅशनकडे. कारण मला वाटतं, तिची खरी लढाई तिथेच झाली.

विधवेने भरजरी नेसायचं नाही, रंगीत नेसायचं नाही. बंगालमध्ये पांढरं, आपल्याकडे ब्राह्मण घरांत आलवण. कपड्यांमागचा हेतू एकच. बाई दिसू नये. वडोद्याच्या पैठण्या आणि शालू बघत वाढलेल्या इंदिराच्या वाट्याला तोच पांढरा आला. तिने तो नाकारला नाही. पण तो कसा नेसायचा, हे तिने ठरवलं. फ्रान्समधून स्वतःला हवं तसं पांढरं शिफॉन बनवून घेतलं आणि त्याची साडी केली. रेशमापेक्षा हलकी, सुतीपेक्षा दिमाखदार, आपल्या उकाड्यात घामाघूम न करणारी. काठ नाही, जर नाही, बुट्टी नाही. नियम पाळला आणि नियमाची हवाच काढून टाकली. तिला दिसेनासं करायला दिलेला रंग नेसून ती खोलीत शिरली की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडेच.

बघता बघता हिंदुस्थानभरच्या राण्या शिफॉन नेसायला लागल्या. मग कलकत्ता-मुंबईच्या क्लबांतल्या बायका, मग सिनेमातल्या नायिका. ‘चांदनी’मधली श्रीदेवी आठवते ना, १९८९ ची? बर्फात शिफॉन नेसून न कुडकुडणाऱ्या यश चोप्रांच्या तमाम हिरॉइन्सची खापरपणजी म्हणजे आमची ही वडोदेकर बाई. आपण ज्याला रोमान्सचं कापड समजतो, त्याची सुरुवात एका विधवेच्या कपाटातून झाली.

पांढऱ्या साडीखाली काय, हाही किस्साच आहे. फ्लॉरेन्सचे जगप्रसिद्ध चप्पल-बूट कारागीर साल्वातोरे फेरागामो यांच्याकडे तिने एकदा शंभराहून जास्त जोड्यांची ऑर्डर दिली. काहींवर जडवायला हिरे-मोती स्वतःकडचेच पाठवले. १९३८ मध्ये तिच्यासाठी बनवलेल्या डिझाइनची आठवण फ्लॉरेन्सच्या फेरागामो म्युझियमने आजही जपून ठेवली आहे. साडी साधी हवी ना? घ्या. पायांबद्दल कुणी नियम केला नव्हता!

स्वयंपाकघरातही हाच खाक्या. लझान्या कसा लागला पाहिजे हे कळावं म्हणून आपल्या खानसाम्याला तिने रोमच्या ‘आल्फ्रेदो’मध्ये नेऊन खाऊ घातलं. हल्ली आपण रेसिपीचा व्हिडिओ फॉरवर्ड करतो, तिने अख्खा माणूस फॉरवर्ड केला. आणि जुगाराच्या टेबलावरचं ते कासव. फ्रान्समधल्या एका कसिनोत तिला पाहिलेल्या माणसाने गायत्रीदेवींना सांगितलेली गोष्ट. सुंदर साडी, हातात लांब सिगारेट होल्डर, समोर चिप्सचा ढीग आणि बाजूला एक जिवंत कासव. पाठीवर पाचू, हिरे आणि माणकांच्या ओळी. लकी चार्म म्हणून. (कासवाला काय वाटत असेल, हा प्रश्न मलाही पडला.)

मुलं कोण बघतं मग?

आला का प्रश्न? येणारच. मलाही आला होता.

उत्तर गुळगुळीत नाही. पैशाचं भान तिला बेताचंच होतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांना तिचा खर्च आणि परदेशातले लांबलचक मुक्काम खटकायचे, आणि प्रत्येक वेळी ते चुकत होते असं नाही. प्रजेच्या पैशावर चाललेल्या संस्थानाची ती कारभारीण होती, हे विसरून तिच्या चपला मोजता येत नाहीत. मुलं कधी आजी-आजोबांकडे, कधी गव्हर्नेसकडे. लहानगी गायत्री लंडनमध्ये हॅरॉड्सच्या दुकानात जाऊन ऐटीत ऑर्डर द्यायची आणि बिल राजकुमारी गायत्रीदेवींच्या नावावर टाकायला सांगायची! हसू येतं, पण यात घरात कुणाचं लक्ष होतं, असंही मनात येतंच.

आणि सगळ्यात मोठी गोची पुढेच आहे. गायत्री प्रेमात पडली जयपूरच्या महाराजा मानसिंगांच्या. वयाने बरेच मोठे आणि आधीच दोन राण्या. म्हणजे बघा, साधारण ज्या प्रकारच्या लग्नातून सुटण्यासाठी इंदिराने १९११ मध्ये ते पत्र लिहिलं होतं, तेच लग्न तिची मुलगी स्वतःच्या इच्छेने मागत होती. इंदिरा बिथरली. तिने विरोध केला, थांबायला लावलं.

‘स्वतः मनासारखं केलं आणि मुलीला नाही म्हणते’ असं म्हणणं सोपं आहे. मला ते तसं दिसत नाही. चिमणाबाईंचा नकार घराण्यासाठी होता, इंदिराचा नकार मुलीसाठी होता. तिसरी राणी होऊन मुलगी पडद्याआड बसणार, याची तिला भीती होती. आणि मुख्य फरक असा की, शेवटी तिने निर्णय मुलीवर सोडला. ९ मे १९४० रोजी कूचबिहारमध्येच लग्न लागलं. यावेळी आई हजर होती. नुसती हजर नाही, तर मुलीची खरेदी युरोपभर फिरून केलेली. चादरी-टॉवेल एका देशातून, रात्रीचे रेशमी पोशाख पॅरिसहून, चपला आणि मॅचिंग पर्सेस अर्थातच फेरागामोच्या. आणि मग ही सगळी खरेदी ठेवली कुठे तेच बाईसाहेब विसरल्या! शेवटी ती पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात सापडली. हा किस्सा गायत्रीदेवी ज्या मायेने सांगतात ना, तिथे मला माझं उत्तर मिळालं.

कारण सत्तावन्न वर्षांची मुलगी आईबद्दल लिहिते तेव्हा तक्रारीला पुष्कळ जागा असते. या पुस्तकात ती फारशी नाही. आहे तो एका झपाटलेल्या, विसरभोळ्या, उधळ्या, घर भरून टाकणाऱ्या बाईचा सुगंध. आणि मुलीने आईकडून काय घेतलं तेही दिसतं. शिफॉन घेतलं, हे तर फोटोंतून कळतंच. पण पडद्याआड बसेल म्हणून जिची भीती होती, त्या मुलीने जयपुरात १९४३ मध्ये मुलींची शाळा काढली आणि १९६२ ची लोकसभा निवडणूक स्वतंत्र पक्षातर्फे लढवून १ लाख ९२ हजार ९०९ मतं मिळवून जिंकली. गिनीज बुकात नोंद झालेला विक्रम. त्यागाचे धडे न देताही आई काहीतरी शिकवून जातेच की.

आजी

शेवटची वर्षं मात्र सोपी नव्हती. थोरली इला १९४५ मध्ये गेली, तीस-एकतीस वर्षांची, मागे लहान मुलं ठेवून. इंद्रजित १९५१ मध्ये आगीच्या दुर्घटनेत गेला. मधल्या काळात कूचबिहार आणि वडोदा दोन्ही संस्थानं भारतात विलीन झाली होती. सासर आणि माहेर, दोन्ही नकाशावरून पुसली गेलेली अशी ही आजी. सप्टेंबर १९६८ मध्ये मुंबईत तिचं निधन झालं.

तिचा वंश कुठे कुठे पोचला ते बघा. धाकटी मेनका लग्न होऊन धाकट्या पातीच्या देवासला, पवारांच्या घरी गेली. म्हणजे एक पोर पुन्हा मराठी घरात. इलाचा मुलगा भरत देव वर्मा याचं लग्न झालं सुचित्रा सेनची मुलगी मुनमुन सेन हिच्याशी. त्यांच्या मुली म्हणजे रायमा आणि रिया. पेज थ्रीवर ज्या दोघी बहिणींचे फोटो बघत आमची पिढी मोठी झाली, त्या या बाईच्या पणत्या. जीन्समध्ये काय असतं म्हणतात ते हेच. दोन्ही अर्थांनी.

आता म्हणाल, राजे-रजवाड्यांच्या गोष्टी, आपल्याला काय त्याचं? हिरे जडवायला आपल्याकडे हिरे कुठे आहेत?

मान्य. पण १९२२ ची ती पांढरी साडी आठवा आणि बरोबर शंभर वर्षं पुढे या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढून घ्यायचं नाही. सगळीकडे कौतुक झालं, सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण शंभर वर्षांनी ठराव करावा लागला, याचा अर्थ तोपर्यंत हे सगळं चालूच होतं. आणि शहरात? शहरात बांगड्या कुणी फोडत नाही. शहरात आपण फक्त दुकानदाराला सांगतो, ‘आईसाठी जरा सोबर दाखवा.’ तोही लगेच बदामी, राखाडी, फिका मोतिया असा ढीग लावतो. वडील असोत-नसोत, पन्नाशी ओलांडली की आईचे रंग आपणच कमी करत जातो. तिला कुणी विचारत नाही. तीही ‘चालेल’ म्हणते. तिला तेच शिकवलंय ना.

इंदिराकडे राजवाडा होता, पैसा होता, फ्रान्समध्ये कापड विणून घ्यायची ऐपत होती. आपल्या आयांकडे यातलं काही नाही. म्हणूनच त्यांच्या बाजूने आपण उभं राहायला हवं. तेव्हा या सणाला तिला घेऊन दुकानात जा. गादीवर तिला पुढे बसवा, तुम्ही मागे बसा आणि तोंड बंद ठेवा. दुकानदाराने फिके रंग काढायला सुरुवात केलीच, तर त्याला सांगा, हे सगळं ठेवा बाजूला. तो वरच्या कप्प्यातला राणी कलर काढा आधी.